शाळा सोडण्याचं कारण : गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या हायस्कूलच्या इतिहासाच्या प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

एकदाची सुरुवात झाली. माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास जमवायचं काम आमच्या तिघांवर आलंय, मी, माझ्याच बॅचचा एक जण ज्याची डिचोलीत प्रेस आहे, आणि सध्याच्या मराठीच्या टीचर. यंदा सहावीपासूनचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले म्हणून ऑफिस उघडं मिळालं, नाहीतर जून उजाडला असता आणि पाऊस लागल्यावर जुने कागद कपाटाबाहेर काढण्यात अर्थच नव्हता.

जिन्याखालच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं आहेत. एकात जनरल रजिस्टरं, दुसऱ्यात हजेरीपट, प्रवेश अर्जांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, आणि एका बिस्किटांच्या डब्यात फोटो. सगळ्यात खालच्या कप्प्यातल्या गठ्ठ्यांना ओल लागलीय, दोन तर उचलल्यावर हातातच सुटले, आत कसर फिरत होती. ते बघून पोटात गोळाच आला. म्हणून आजच नियम ठरवले, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही, ऊन दाखवायचं नाही, पंख्याखाली सावलीत सुकवायचं, मऊ ब्रशने झाडायचं आणि फोनवर फोटो काढून लगेच रजिस्टर नंबर आणि पान नंबरचं नाव द्यायचं. नाव नंतर देऊ म्हटलं की ते होत नाही.

२० एप्रिल, रविवार

पहिलं रजिस्टर दिवसभर वाचलं. अक्षर इतकं सुरेख की फोटो काढायचे सोडून मी वाचतच बसले. ज्यांनी जनरल रजिस्टर बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, यात प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ असते, नाव, जात-धर्म, जन्मगाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, कुठल्या इयत्तेत, वर्तणूक, प्रगती, शाळा सोडल्याची तारीख आणि सर्वात शेवटी शाळा सोडण्याचं कारण. दाखला म्हणजे याच ओळीची नक्कल.

'आधीची शाळा' या रकान्यात सुरुवातीच्या मुलांच्या नावापुढे काय काय लिहिलंय! कोणाचं सेगुंद ग्राव म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेची वरची पायरी, कोणाचं मराठी शाळा, कोणाचं 'खाजगी शिक्षण'. हे खाजगी शिक्षण म्हणजे बहुतेक शेणय मामाकडचं असणार. मुक्तीच्या आधी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, आमच्या गावांत मराठी टिकवली ती या खाजगी मास्तरांनी, देवळाच्या अग्रशाळेत नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर मुलं गोळा करायची, धुळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची, पाढे, मोडी, आणि फी म्हणून तांदूळ-नारळ. पोर्तुगालमध्ये १९१० मध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हापासून इथल्या हिंदूंना थोडा मोकळा श्वास मिळाला आणि मराठी शाळा, वाचनालयं उभी राहिली, पण पुढे १९२६ नंतर लिस्बनमध्ये हुकूमशाही आली आणि परत दाब वाढला. पणजीला लिसेंव म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा होती, १८५४ पासूनची, पण साखळीच्या आसपासच्या वाड्यावरचं पोर तिथवर पोचणार कसं? ज्यांची ऐपत होती ते म्हापशाला, बेळगावला, मुंबईला गेले. बाकीच्यांची शाळा चार अक्षरांवर थांबली.

म्हणूनच १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला त्यानंतरच्या वर्षांत जे झालं ते बघून मी भारावून जाते. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, कुठे घराच्या पडवीत, कुठे देवळाच्या मंडपात. त्या शाळांतून चौथी करून आलेली मुलं पुढे आमच्यासारख्या हायस्कुलांत आली. आमचेही पहिले वर्ग एका वाड्याच्या ओसरीवरच भरले. पहिल्या रजिस्टरात एकाच वर्गात दहा वर्षांचं पोर आणि सोळा वर्षांचा मुलगा शेजारी शेजारी आहेत, म्हणजे शाळा निघेपर्यंत तो सोळा वर्षांचा मुलगा थांबून राहिला होता. त्या ओळीवर मी बराच वेळ बोट ठेवून बसले.

२७ एप्रिल, रविवार

नावांच्या स्पेलिंगचा गोंधळ. ऑफिसातले क्लार्क सांगत होते की दर आठवड्याला कोणीतरी आजोबांचा, वडिलांचा जुना दाखला शोधत येतंच. मुक्तीच्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो, त्यासाठी कागद जुळावे लागतात, आणि घोडं इथेच अडतं. जन्माची नोंद पोर्तुगीजांच्या नोंदणीत, तिथे नाईकाचं स्पेलिंग एन-ए-आय-क्यू-यू-ई, गावकर झालेत गांवको, शेट लिहिताना सुरुवातीला एक्स. आणि तोच मुलगा आमच्या शाळेत आला तेव्हा मास्तरांनी कानाला ऐकू आलं तसं साधं इंग्रजी स्पेलिंग घातलं. एकच माणूस, दोन नावं. आम्ही एक्सेलमध्ये नाव देवनागरीतच घालतोय आणि बाजूच्या कॉलममध्ये रजिस्टरात आहे तसंच स्पेलिंग, एकही अक्षर सुधारायचं नाही, कारण उद्या कोणाला त्याच चुकीच्या अक्षराची गरज लागेल.

जातीचा रकाना आम्ही टाईपच करत नाही. तो छापायला तर नाहीच पण आमच्या फाईलमध्येही नको, यावर तिघांचंही एकमत झालं, चर्चा पाच मिनिटं पण चालली नाही.

४ मे, रविवार

मीटिंग. स्मरणिकेत काय जाणार यावर दोन तास. समितीचा आराखडा असा, मुख्याध्यापकांची यादी, बोर्डात चमकलेले, मग डॉक्टर, इंजिनियर, सरकारी अधिकारी, नाटकात-खेळात नाव काढलेले, आणि निकालाचा तक्ता. माझा त्याला विरोध नाही, या लोकांनी कष्ट केलेत आणि त्यांचा अभिमान मलाही आहे. पण मी म्हटलं की रजिस्टर उघडून बघा, शेवटच्या रकान्यात 'एस.एस.सी. उत्तीर्ण' लिहिलेल्या ओळी किती आणि बाकीच्या किती. सुरुवातीच्या रजिस्टरांत पानंच्या पानं उलटली तरी मध्येच शाळा सुटलेली मुलं. ती आमच्या शाळेची नव्हेत काय? त्यांनीही प्रार्थनेला उभं राहून पाय दुखवून घेतलेत, छड्या खाल्ल्यात, हरवळ्याच्या धबधब्यावर सहलीला गेलीत.

एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अगो, पण त्यांना आवडेल काय आपलं नाव असं आलेलं?" हा प्रश्न खरा आहे. मला उत्तर देता आलं नाही. विचारून बघते म्हटलं.

११ मे, रविवार

प्रवेश अर्जांचे गठ्ठे. रजिस्टरात वडिलांचा धंदा नसतो पण अर्जावर असतो, आणि नुसते अर्ज क्रमाने वाचत गेलं तरी तालुक्याचा इतिहास डोळ्यासमोरून जातो. सुरुवातीला शेती, कुळागरात म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत मजुरी, कूळ, गाडेवाला, दुकान, देवस्थानात सेवा. मग हळूहळू 'खाणीवर', 'खाणीवर', 'खाणीवर'. मग ट्रक ड्रायव्हर, आणि काही वर्षांनी ट्रक मालक, कारण बँकेचं कर्ज काढून लोकांनी स्वतःचे ट्रक घेतले. लोहखनिज आमच्या डोंगरातून निघून बार्जने नदीतून मुरगाव बंदराला आणि तिथून जपानला, पुढे चीनला. चीनची मागणी होती तेव्हा साखळी-उसगावच्या रस्त्यावर ट्रकांची रांग तुटायची नाही, लाल धुळीने युनिफॉर्मचा पांढरा शर्ट संध्याकाळी विटकरी व्हायचा, आईने किती साबण घासला तरी कॉलर लालच. ते माझ्याही शर्टाचं झालंय.

आणि मग २०१२. सप्टेंबरात खाणी थांबल्या, त्यानंतरच्या अर्जांवर धंद्याच्या जागी 'सध्या काही नाही' असं लिहिलेलं दिसतं. काहींनी ती जागा नुसती कोरी सोडलीय. पुढे थोडं सुरू झालं आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद. कोरी जागा बघितली की त्या घरात तेव्हा काय चाललं असेल ते कळतं, आमच्या शेजारीच दोन ट्रक अंगणात उभ्या उभ्या गंजले.

आईचं नाव जुन्या अर्जांवर कुठेच नाही. पालक म्हणजे बाप, नाहीतर काका, नाहीतर मामा.

१६ मे, शुक्रवार

रजा टाकून पणजीला, कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात. १८३२ पासूनची संस्था, आता पाटोवर मोठी इमारत आहे, वर्तमानपत्रांच्या जुन्या फाईली बघता येतात. मला जनमत कौलाच्या दिवसांतला 'गोमन्तक' बघायचा होता, कारण एका निवृत्त सरांनी फोनवर जे सांगितलं ते ऐकून उत्सुकता लागली होती.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पानं. संघप्रदेशाला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०. आमच्या बाजूला फुलाचा जोर होता. सर सांगत होते की त्या महिन्यात वर्गात शिकवणं मुश्कील, सर आत यायच्या आधी कोणी फळ्यावर फूल काढायचा, दुसरा येऊन पुसून दोन पानं काढायचा, आणि डस्टरवरून मारामारी. सर स्वतः फुलाचे. पण निकालानंतरच्या दिवशी त्यांनी त्या दोघा पोरांना एका बाकावर बसवलं आणि वर्षभर तिथून हलवलं नाही. त्यातला एक पुढे कोकणीचा खंदा पुरस्कर्ता झाला, दुसरा मराठीचा मास्तर, आणि दोघं अजून एकमेकांच्या घरी चवथीला म्हणजे गणेश चतुर्थीला जातात. आमच्याकडे घरात कोकणी, देवळात आणि नाटकात मराठी, वहीत इंग्रजी, हे असंच चालत आलंय आणि मला त्यातलं काहीच परकं वाटत नाही.

वहीतल्या इंग्रजीचं मात्र सविस्तर लिहिलं पाहिजे. चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर पाचवीत आलं की एकदम गणित, विज्ञान, इतिहास सगळं इंग्रजीत. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे मराठी माध्यमाची तुकडी होती, नंतर ती बंद पडली. पाचवी, सहावीत नापास झालेल्यांच्या ओळी सगळ्यात जास्त आहेत त्या याच्यामुळे, असं टीचरचं मत आणि माझंही. हुशारी नव्हती असं नाही, 'त्रिकोण' माहीत होता, 'ट्रँगल' माहीत नव्हता. माझा पाचवीतला पहिला महिना मी नुसता फळा उतरवून काढलाय, एक अक्षर कळत नव्हतं.

२५ मे, रविवार

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. खोलीत ओल धरायच्या आत उरलेले गठ्ठे टीचरच्या घरी वरच्या माळ्यावर हलवले, सोबत कडुलिंबाचा पाला आणि कापूर. आठवीतली दोन मुलं मदतीला होती, त्यांना हजेरीपटात भलताच रस.

हजेरीपट खरंच वाचण्यासारखे आहेत. त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बघा, निम्मा वर्ग गैरहजर, कारण रात्रभर विठ्ठलापूरला वाळवंटी नदीवर नौका बघायला सगळे. चैत्रात वीरभद्राच्या उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी तेच. भातकापणीच्या आठवड्यात ठरावीक गावांची मुलं गायब. वाळवंटीला पूर येऊन बाजारात पाणी शिरलं की शिक्षकांचा शेरा, 'पुरामुळे वर्ग भरले नाहीत'. आणि सरस्वतीपूजनाच्या दिवशी मात्र अख्खा वर्ग हजर, एक खाडा नाही. मुलांनी विचारलं की तेव्हा मिड-डे मीलमध्ये काय असायचं. काहीच नव्हतं रे, आता तुम्हाला बचतगटाच्या बायकांची पाव-भाजी मिळते, तेव्हा डब्यात सकाळची पेज पिऊन उरलेलं काहीतरी, नाहीतर बिंबलं म्हणजे आंबट बिलिंबी आणि मीठ.

८ जून, रविवार

शाळा सोडण्याची कारणं आज वेगळी काढली. 'पुढील शिक्षणासाठी', 'परगावी स्थलांतर', 'सतत गैरहजेरी, नाव कमी केले', 'पालकांच्या विनंतीवरून', आणि 'घरगुती कारण'. शेवटची दोन मुलींच्या ओळींत एकसारखी येतात. एकच शाई, एकच अक्षर, घरगुती कारण, घरगुती कारण, खाली तसंच. आठवीत सगळ्यात जास्त.

त्यात माझी आत्याही आहे. मला ठाऊक होतं की ती आठवीपर्यंत शिकलीय, पण तिच्या नावाची ओळ बघितल्यावर छातीत धस्स झालं. वर्तणूक चांगली, प्रगती चांगली, सोडल्याचा महिना जुलै. कारण, घरगुती.

१५ जून, रविवार

आत्याकडे कुडण्याला. रजिस्टरच्या पानाचा फोटो फोनवर दाखवला. तिने चष्मा लावून आपलं नाव वाचलं, मग वरची ओळ वाचली, मग खालची, आणि म्हणाली, "घरगुती म्हणून कोणी बरयलें हें? घरांत सगळ्यांक जाय आशिल्लें हांवें शिकपाक." म्हणजे, घरगुती असं कोणी लिहिलं हे, घरात तर सगळ्यांना मी शिकायला हवं होतं.

मग खरं कारण सांगितलं. तेव्हा बस नव्हती, कुडण्याहून साखळी चालत. तिच्या वाड्यावरून हायस्कुलात जाणाऱ्या मुली दोनच, ती आणि तिची मैत्रीण. सकाळी एकमेकींना हाक मारायच्या, एक इरलं दोघींत, पुस्तकं पोटाशी. आठवीच्या आधीच्या मे महिन्यात मैत्रिणीचं लग्न झालं. जून आला. आत्या महिनाभर एकटी गेली, पण पावसात संध्याकाळी लवकर काळोख पडतो आणि वाटेत घर नाही. एक दिवस ओहळाला पाणी वाढलं आणि ती पलीकडे अडकून रात्री उशिरा घरी पोचली. आजोबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तीच गेली नाही. "वांगडा कोणूच नाशिल्लें गे बाय." सोबतीला कोणीच नव्हतं, एवढंच.

मी रेकॉर्डिंग बंद करायला विसरले, पुढची दहा मिनिटं नुसता कौलांवरचा पाऊस आहे. ते कापणार नाही.

२९ जून, रविवार

आत्याचं ऐकल्यापासून मी प्रत्येक ओळीत गाव बघते. आजपर्यंत सुर्ल, न्हावेली, पर्ये, होंडा इथल्या मिळून नऊ बायकांशी बोलले. कोणाचा भाऊ वर्गात होता तोपर्यंत शाळा चालली, भाऊ नापास होऊन बसला तशी हिचीही बंद. कोणाला शाळेत संडास नव्हता म्हणून सकाळपासून पाणी प्यायचं नाही, मग आजारपण. रजिस्टरात सगळ्यांचं घरगुती. ज्यांनी लिहिलं त्या मास्तरांना मी दोष देत नाही, रकाना एक इंचाचा आहे. पण घरावर ठपका आला आणि तो रस्ता, तो ओहळ, तो नसलेला संडास सुटून गेले, हे स्मरणिकेत लिहिल्याशिवाय मी राहणार नाही.

मग बसचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी अर्ध्या तिकिटासाठी आंदोलन केलं, रस्त्यावर उतरले, मार खाल्ला. १९८० मध्ये कदंब हे सरकारी बसचं महामंडळ आलं. मी पाचवीत गेले ते कदंबच्या पासावर, दप्तराला अडकवलेलं प्लास्टिकचं पाकीट, हरवलं की घरी ओरडा. आमच्या वर्गात मुली मुलांपेक्षा दोन जास्तच होत्या आणि मला त्यात काही विशेष वाटलंही नाही. आता तर बालरथ ही शाळेची बस दारात येते. नऊही जणींना मी विचारलं की नाव छापलं तर चालेल काय. आठ जणी हो म्हणाल्या. एक नको म्हणाली, तिचं गाळलं.

१३ जुलै, रविवार

समितीपुढे आत्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं, परवानगी घेऊनच. कोणी वाद घातला नाही. ते ज्येष्ठ सदस्य उठून खिडकीपाशी गेले आणि थोड्या वेळाने म्हणाले की माझी बहीण पण आहे त्या रजिस्टरात, बघ. सापडली, दुसऱ्या रजिस्टरात, सातवी. ठरलं असं, गुणवंतांची पानं आहेत तशीच राहणार, पण त्यांच्या आधी पहिल्या चार रजिस्टरांतली सगळी नावं, दाखल झाल्याच्या क्रमाने, गुण नाही, इयत्ता नाही, जात नाही, फक्त नाव आणि गाव. हयात असलेल्यांना आणि नसतील त्यांच्या घरच्यांना शक्य तेवढं विचारून घ्यायचं. आणि आठ जणींच्या मुलाखती सलग.

प्रेसवाल्या मित्राने पानांचा हिशेब केला, खर्च वाढतो. कागद थोडा हलका घेणार. शाळेच्या १९९० च्या सुमाराच्या अंकातला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये बदलताना सगळी जोडाक्षरं फुटतात, ते हाताने दुरुस्त करायला दोन रात्री जातील.

३ ऑगस्ट, रविवार

पहिलं प्रूफ घेऊन आत्याकडे गेले. तिला आपल्या नावाशेजारी मैत्रिणीचं नाव हवं होतं, ते कसं करणार कळेना, क्रम मोडता येत नाही. पान उघडलं तर वरच्याच ओळीत ती होती. दोघी एकाच सकाळी एकत्र चालत येऊन नाव घालून गेल्या होत्या, नंबर लागोपाठचे. फोटोत वरची ओळ तिने तेव्हाच वाचली होती, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मैत्रिणीच्या गावाच्या स्पेलिंगमध्ये एक काना चुकलाय म्हणाली, पेन मागितलं आणि स्वतः दुरुस्त केला.

चवथ २७ ऑगस्टला, त्याच्या आधी प्रेसला द्यायचं तर रजिस्टर ३ ची सत्तर पानं अजून तपासायची आहेत. उद्या संध्याकाळी टीचर येणार, त्या मूळ पानावरून मोठ्याने वाचतील, मी स्क्रीनवर बघेन.